मुक्या माराचा आलेख
भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या अध्यक्षांना खुले पत्र

माननीय अध्यक्ष महोदय,

३१ जानेवारी २०२५. पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या टी-ट्वेंटी सामन्यात भारताच्या डावाचं शेवटचं षटक चालू होतं. जेमी ओव्हरटनचा चेंडू मुंबईकर शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. दुबे खेळत राहिला, पण क्षेत्ररक्षणाला तो आला नाही. त्याच्या जागी कन्कशन सब्स्टिट्यूट, म्हणजे डोक्याला मार लागलेल्याच्या जागी येणारा बदली खेळाडू, म्हणून हर्षित राणा उतरला, त्याने तीन बळी घेतले आणि भारताने सामना १५ धावांनी जिंकला. त्यानंतर वाद पेटला तो एकाच मुद्द्यावर. फलंदाजी करणाऱ्या अष्टपैलूच्या जागी वेगवान गोलंदाज चालतो का? इंग्लंडचा कर्णधार जोस बटलरने आपली नापसंती लपवली नाही. वर्तमानपत्रं, वाहिन्या, माजी खेळाडू, सगळे ‘लाइक फॉर लाइक’, म्हणजे जसा खेळाडू तसाच बदली, या तीन शब्दांभोवती फिरत राहिले. दुबेच्या मेंदूला नेमकं काय झालं होतं आणि ते डॉक्टरांनी कशावरून ठरवलं, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

हे पत्र त्या मागे पडलेल्या प्रश्नाविषयी आहे.

तसाच वाद त्याआधी ४ डिसेंबर २०२० ला कॅनबेरात झाला होता. मिचेल स्टार्कचा चेंडू रवींद्र जडेजाच्या हेल्मेटला लागला, जडेजाने डाव संपेपर्यंत फलंदाजी केली आणि मध्यंतरानंतर त्याच्याऐवजी युजवेंद्र चहल गोलंदाजीला आला. चहल सामनावीर ठरला. चेंडू लागल्यावर फिजिओ मैदानात का आला नाही, असा सवाल संजय मांजरेकर यांनी तेव्हा केला होता आणि तो रास्त होता. दोन्ही वेळी प्रतिस्पर्धी संघाच्या मनात शंका राहिली. दोन्ही वेळी ती दूर करणारा कोणताही वस्तुनिष्ठ पुरावा कोणाच्याच हातात नव्हता. इथे भारतीय डॉक्टरांच्या सचोटीवर बोट ठेवायचं नाही. जगातल्या कोणत्याही संघाच्या डॉक्टरकडे असा पुरावा नसतो. डोक्याला मुका मार लागला आहे, म्हणजे कन्कशन झालं आहे, हे दाखवणारी एखादी सर्वमान्य चाचणी आज अस्तित्वात नाही.

म्हणूनच मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद, म्हणजे ईईजी, या कामी येईल का याकडे गेली काही वर्षं संशोधकांचं लक्ष लागलं आहे. ती येऊ शकेल. पण ज्या वाटेने ती येईल ती वाट लांबची आहे, आणि भारतात ती चालण्याची ऐपत सर्वांत जास्त आपल्या मंडळाकडे आहे.

आधी इजेविषयी. डोक्याला जोराचा धक्का बसला की कवटीतला मेंदू हिंदकळतो. मज्जातंतूंचे लांब धागे ताणले जातात, पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं, कॅल्शियम आत शिरतं आणि हा समतोल पुन्हा सावरण्यासाठी पेशींना एकाएकी खूप ऊर्जा लागते. नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा मंदावलेला असू शकतो. कॅलिफोर्नियाचे क्रिस्टोफर गिझा आणि डेव्हिड होव्हडा यांनी ही साखळी २००१ मध्ये सविस्तर मांडली. डोकेदुखी, गरगरणं, उजेड सहन न होणं, शब्द न सुचणं, चिडचिड हे सगळं या ऊर्जासंकटातून येतं. सीटी स्कॅनमध्ये यातलं काहीच उमटत नाही. फोटोत घराच्या भिंती शाबूत दिसाव्यात आणि आतली वीज गेली आहे हे कळू नये, तसंच हे आहे. सौम्य इजेच्या बहुसंख्य रुग्णांचा स्कॅन निर्दोष येतो आणि घरचे म्हणतात, चला, काही नाही.

ग्लासगोचे ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये तयार केलेलं कोमा मोजण्याचं परिमाण आजही जगभर वापरात आहे. ३ ते १५ असे त्याचे गुण. १३ ते १५ गुण मिळाले की इजा ‘सौम्य’ मानली जाते. म्हणजे डोळे उघडे आहेत, बोलतो आहे, सांगितलेलं ऐकतो आहे, असा माणूस १५ पैकी १५ गुण मिळवून घरी जातो आणि पुढचे तीन आठवडे त्याला पुस्तकाचं एक पान वाचवत नाही.

मैदानावर वापरली जाते ती ‘स्कॅट’ ही प्रश्नावली. तिची सहावी आवृत्ती २०२३ मध्ये आली. आपण कोणत्या मैदानावर आहोत, शेवटचा बळी कोणाचा गेला, हे शब्द लक्षात ठेवून परत सांगा, महिने उलटे म्हणा, एका रेषेत पावलं टाका. नीट केली तर तिला १० ते १५ मिनिटं लागतात. चाचणी उपयुक्त आहे, पण तिचा मोठा भाग खेळाडू स्वतः काय सांगतो यावर उभा आहे. खरं सांगितल्याची किंमत काय असते हे आपल्या खेळाडूंना पुरतं ठाऊक आहे. १४ जानेवारी २०२० ला वानखेडेवर पॅट कमिन्सचा चेंडू ऋषभ पंतच्या बॅटची कड घेऊन हेल्मेटवर गेला. पंतला कन्कशन झाल्याचं निदान झालं आणि के. एल. राहुलने यष्टिरक्षण केलं. त्यानंतरच्या न्यूझीलंड दौऱ्यात मर्यादित षटकांच्या सामन्यांत यष्टींमागे राहुलच उभा होता. निवडीमागे कारणं अनेक असतात, पण ड्रेसिंग रूममधल्या विशीतल्या पोराने त्यातून काय धडा घेतला असेल? डोकं दुखत असलं तरी ‘ठीक आहे सर’ म्हणायचं.

लक्षणं उशिराही येतात. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. स्मिथची तपासणी झाली, त्यात तो उत्तीर्ण झाला, पुन्हा फलंदाजीला आला आणि ९२ वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डोकेदुखी आणि सुस्ती घेऊन उठला. मग मार्नस लाबुशेन कसोटी इतिहासातला पहिला कन्कशन सब्स्टिट्यूट बनला. तपासणारे डॉक्टर निष्काळजी होते असं कोणी म्हणणार नाही. त्यांच्या हातातली साधनं तेवढीच होती.

आता ईईजीकडे. येना शहरातले मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी जुलै १९२४ मध्ये, शस्त्रक्रियेमुळे कवटीचा काही भाग नसलेल्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून माणसाच्या मेंदूची पहिली विद्युतनोंद घेतली. त्यावर त्यांचा स्वतःचाच इतका अविश्वास होता की निष्कर्ष छापायला त्यांनी १९२९ उजाडू दिलं. मधल्या काळात आपल्या मुलाच्या डोक्यावरूनही त्यांनी पुन्हा पुन्हा नोंदी घेतल्या. डोळे मिटून शांत बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला ८ ते १३ वेळा उठणारी जी लहर त्यांना दिसली, तिलाच आज अल्फा म्हणतात. हे विद्युतदाब मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांशात मोजायचे असतात.

मुका मार लागल्यावर ही अल्फा लहर थोडी मंदावू शकते आणि थीटा, डेल्टा या संथ लहरी वाढू शकतात. बऱ्याच जणांमध्ये हा बदल काही दिवस-आठवड्यांत ओसरतो आणि पुष्कळदा तीन महिन्यांच्या आत नोंद पूर्ववत होते. सगळी गोम इथेच आहे. समजा, एका तरुण गोलंदाजाची अल्फा लहर एरवी सेकंदाला ११ वेळा उठते. आघातानंतर ती साडेनऊवर आली. त्याच्यासाठी ही मोठी घसरण आहे. पण त्याला पहिल्यांदाच पाहणारा मेंदूविकारतज्ज्ञ नोंद बघून म्हणेल, साडेनऊ म्हणजे अगदी ठीक, ८ ते १३ च्या आतच आहे. आणि तो चुकलेला नसेल. त्या गोलंदाजाची आधीची नोंद त्याच्यासमोर नसेल, एवढंच.

या मर्यादेवर मात करण्यासाठी संगणकाची मदत घेण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९८९ मध्ये अमेरिकेतले रॉबर्ट थॅचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६०८ रुग्णांच्या नोंदींच्या गणिती विश्लेषणातून सौम्य इजा ९० टक्क्यांहून अधिक अचूकतेने ओळखता येते, असा दावा केला. वकिलांनी असे आलेख नुकसानभरपाईच्या खटल्यांत आणायला सुरुवात केली. १९९७ मध्ये अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट बजावलं की सौम्य इजेच्या निदानासाठी आणि न्यायालयीन कामांसाठी हे तंत्र वापरू नये. थकवा, झोप, नैराश्य, झोपेच्या गोळ्या या सगळ्यांनी लहरी बदलतात आणि आलेखावर त्यांच्या उगमाचं नाव लिहिलेलं नसतं.

महाराष्ट्राने याच जातीचा धोका स्वतः अनुभवला आहे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपीच्या मेंदूलहरींवरून केलेल्या चाचणीचा आधार घेत शिक्षा सुनावली. निम्हान्स या मेंदूविज्ञान संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने त्याच वर्षी अशा चाचण्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं, आणि ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय त्या करण्यावर बंदी आणली. तिथे शोध स्मृतीचा होता, इथे इजेचा आहे. पण पडद्यावरचा रंगीत आलेख पाहून माणसं किती पटकन विश्वास ठेवतात, हे दोन्हीकडे सारखंच.

गेल्या दशकात यंत्रं सुधारली. इराक आणि अफगाणिस्तानातल्या स्फोटांत डोक्याला धक्के बसलेल्या सैनिकांचा प्रश्न अमेरिकी लष्करापुढे होता, त्यामुळे पैसाही मिळाला. ब्रेनस्कोप या कंपनीच्या हातात मावणाऱ्या उपकरणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१४ मध्ये पहिली परवानगी दिली. कपाळावर आणि कानांपाशी इलेक्ट्रोडची पट्टी लावायची, काही मिनिटं डोळे मिटून बसायचं, मग उपकरण सांगतं की या रुग्णाच्या डोक्यात रक्तस्राव असण्याची शक्यता कितपत आहे. ११ आपत्कालीन विभागांतल्या ७२० रुग्णांवरच्या अभ्यासात, सीटीमध्ये इजा दिसलेल्यांपैकी सुमारे ९२ टक्के रुग्ण या उपकरणाने बरोबर हेरले. मात्र सीटी निर्दोष असलेल्यांपैकी जेमतेम निम्म्यांनाच त्याने ‘धोका नाही’ म्हटलं.

हा झाला रक्तस्रावाचा प्रश्न. कन्कशनचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यासाठी त्याच कंपनीच्या वेगळ्या निर्देशांकाला २०१९ मध्ये परवानगी मिळाली. १३ ते २५ वयोगटातल्या खेळाडूंवर त्याची पारख झाली. संवेदनशीलता ८६ टक्के, विशिष्टता सुमारे ७१ टक्के. ही टक्केवारी मैदानावर आणून पाहू. समजा, एका हंगामात १०० खेळाडूंच्या डोक्याला चेंडू लागला आणि त्यांपैकी २० जणांना खरोखर कन्कशन झालं. उपकरण १७ जणांना पकडेल आणि तिघांना सोडून देईल. धडधाकट ८० पैकी २३ जणांना ते नाहक बाहेर बसवेल. म्हणजे उपकरणाने ज्या ४० जणांकडे बोट दाखवलं त्यांतले निम्म्याहून जास्त ठणठणीत असतील. डॉक्टरच्या मदतीला एवढी माहिती मोलाची आहे. डॉक्टरच्या जागी ती अपुरी आहे.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत येत नाही. त्या निर्देशांकात नुसत्या मेंदूलहरी नाहीत, लक्षणांची आणि बौद्धिक चाचण्यांची माहितीही मिसळलेली आहे. शिवाय कन्कशन खरोखर कोणाला झालं हे अभ्यासात ठरवलं कोणी? डॉक्टरांनीच, नेहमीच्या पद्धतीने. ज्या पद्धतीच्या उणिवा भरून काढायच्या तिलाच कसोटी मानावं लागतं, कारण दुसरी कसोटी नाही. क्रीडावैद्यकातल्या तज्ज्ञांच्या ऑक्टोबर २०२२ च्या अॅमस्टरडॅम परिषदेनेही अशी प्रगत साधनं संशोधनात वापरावीत, रोजच्या निदानासाठी अजून नाही, असाच कौल दिला.

मग आशा कुठे आहे? खेळाडूची तुलना त्याच्या स्वतःशी करण्यात. कॅनडातल्या ज्युनिअर आइस हॉकीपटूंवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हंगामाआधीच प्रत्येकाची नोंद घेऊन ठेवली होती. ठरावीक आवाज आणि शब्द ऐकल्यावर मेंदू किती मिलिसेकंदांत आणि किती जोराने प्रतिसाद देतो हे मोजलं. कन्कशन झालेल्यांचे प्रतिसाद बदललेले दिसले. खेळायला परवानगी मिळाल्यावरही काही फरक टिकून होते, म्हणजे लक्षणं संपली तरी मेंदू पूर्ण सावरला नव्हता. हे निष्कर्ष मोठ्या गटांवर पडताळले गेले तर केवढा फायदा होईल! पहिली इजा भरून यायच्या आत दुसरा आघात झाला तर, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. तसं क्वचित घडतं, पण घडतं. आयसीसीने २०२५ मध्ये कन्कशननंतर किमान सात दिवसांची विश्रांती बंधनकारक केली हे चांगलंच झालं. पण सात हा आकडा सगळ्यांना सारखा, आणि मेंदू मात्र प्रत्येकाचा निराळा.

महोदय, असा अभ्यास करायला लागतात खूप खेळाडू, वर्षानुवर्षांचा संयम आणि पैसा. २०२३ ते २०२७ च्या आयपीएल प्रक्षेपण हक्कांतून ४८,३९० कोटी रुपये मिळवलेल्या मंडळाला तिसऱ्या गोष्टीची अडचण नसावी. बंगळुरूत आपलं सेंटर ऑफ एक्सलन्स आहे आणि त्याच शहरात निम्हान्स आहे. आयसीएमआरच्या पाठबळाने तयार झालेलं, अवरक्त प्रकाशाने डोक्यातला रक्तस्राव शोधणारं ‘सेरेबो’ हे उपकरण सांगतं की असं काम करू शकणारे लोक आपल्या देशात आहेत. खेळाडू तर आहेतच. रणजी, दुलीप, महिलांच्या स्पर्धा, १९ वर्षांखालील मुलांचा कूचबिहार करंडक, १६ वर्षांखालील मुलांचा विजय मर्चंट करंडक. हंगामाआधी या प्रत्येक संघाच्या वैद्यकीय तपासण्या होतातच. त्यांत अर्ध्या तासाची एक ईईजी नोंद वाढवावी लागेल.

ही नोंद नीट घ्यावी लागेल. ईईजीच्या खोलीत तंत्रज्ञ सांगतात, डोक्याला तेल न लावता, केस धुऊन या. ते उगाच नव्हे. दातओठ चावले, कपाळ आकसलं तरी स्नायूंचा विद्युतप्रवाह मेंदूचा आवाज बुडवतो. घामामुळे नोंदीत संथ लाटा उठतात आणि त्या नवख्या डोळ्याला डेल्टासारख्या दिसतात. पेंग आली की थीटा वाढते. आता चेन्नईच्या उकाड्यात दिवसभर क्षेत्ररक्षण केलेला, रात्रीच्या विमानाने आलेला, पाच तास झोपलेला खेळाडू डोळ्यांपुढे आणा. त्याचा मेंदू निरोगी असूनही आलेख आजारी दिसेल. अमेरिकी महाविद्यालयांतल्या खेळाडूंवर शिकवलेलं गणित या खेळाडूला जसंच्या तसं लागू पडेल असं धरून चालणं धोक्याचं आहे. म्हणूनच परदेशी उपकरणं खरेदी करून सीमारेषेवर ठेवून देणं हा उपाय नव्हे. आपल्या हवेत, आपल्या वेळापत्रकात, आपल्या खेळाडूंच्या थकलेल्या आणि ताज्या अशा दोन्ही अवस्थांतल्या नोंदी हव्यात. त्यांत महिला खेळाडूंच्या नोंदी पहिल्या दिवसापासून हव्यात. फुटबॉलसारख्या खेळांत मुलींना कन्कशनचा धोका मुलांपेक्षा जास्त दिसून आला आहे, तरी अशा अभ्यासांत त्या मोजक्याच असतात.

या नोंदींवर मालकी खेळाडूची असली पाहिजे, हेही लेखी ठरायला हवं. मेंदूच्या नोंदीतून अपस्मारासारख्या दुसऱ्या आजाराचा मागही लागू शकतो. तो निवड समितीच्या टेबलावर किंवा लिलावात बोली लावणाऱ्या फ्रँचायझीच्या हाती पडला, तर एकही खेळाडू पुन्हा डोक्यावर इलेक्ट्रोड लावू देणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल. नोंदी नाव काढून निम्हान्ससारख्या संस्थेकडे जमा व्हाव्यात. स्वतंत्र संशोधकांना त्या तपासता याव्यात. उपकरण विकणाऱ्या कंपनीने स्वतःच्याच उपकरणाला गुण देणं थांबावं.

एका बाबतीत मात्र कोणताही प्रयोग नको. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात फॉरवर्ड शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभ्या असलेल्या भारतीय क्रिकेटपटू रमण लांबा यांच्या डोक्याला फटका लागला. ते स्वतःच्या पायांनी तंबूत परतले, बोलत होते. थोड्याच वेळात ते कोमात गेले आणि तीन दिवसांनी त्यांचं निधन झालं. डोक्यात रक्त साठत असताना मधला काही काळ माणूस पूर्ण शुद्धीवर असू शकतो. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, झापड, एका बाजूची कमजोरी यांपैकी काहीही दिसलं तर ईईजीत एक मिनिटही घालवू नये. रुग्णवाहिका आणि सीटी स्कॅन, बस्स. मेंदूलहरींचं कोणतंही उपकरण सीटीच्या वाटेत आडवं येता कामा नये.

आणि मैदानं? मुंबईच्या आझाद मैदानावर आणि क्रॉस मैदानावर एकात एक गुंतलेले कितीतरी सामने एकाच वेळी चालतात. एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या मिडविकेटला पाठ लावून उभा असतो. १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग भर पावसात, ओल्या खेळपट्टीवर खेळली जाते आणि तिथे चेंडू कसा उसळेल ते गोलंदाजालाही ठाऊक नसतं. जानेवारी २०२४ मध्ये माटुंग्याच्या दादकर मैदानावर शेजारच्या सामन्यातला चेंडू डोक्याला लागून एका खेळाडूचा जीव गेला. तिथे ना फिजिओ होता, ना बदली खेळाडूचा नियम. या मैदानांवर ईईजी पोचायला फार काळ जाईल. तोवर पंचांना आणि शाळेच्या प्रशिक्षकांना दोन तासांचं प्रशिक्षण आणि एक सक्तीचा नियम पुरेल. डोक्याला लागलं आणि जराही शंका आली, तर तो मुलगा त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही, आणि त्याच्या जागी दुसरा खेळेल. हॅरिस शील्ड या मुंबईतल्या शालेय स्पर्धेपासून हे येत्या मोसमातच सुरू करता येईल, मंडळाने नुसतं परिपत्रक काढलं तरी.

मंडळाकडे मागणी एवढीच आहे. येत्या हंगामाआधी कूचबिहार आणि विजय मर्चंट करंडकाच्या मुलांच्या, तसंच १९ वर्षांखालील मुलींच्या संघांच्या मूळ नोंदी, पालकांच्या लेखी संमतीने घेऊन ठेवाव्यात. ज्याच्या डोक्याला चेंडू लागेल त्याची नोंद ७२ तासांच्या आत, मग आठवड्याने, मग महिन्याने आणि तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावी. खेळायचं की नाही, हा निर्णय आजच्यासारखाच डॉक्टरांकडे राहावा आणि निर्णय होईपर्यंत ही नोंद त्यांना दाखवूही नये, म्हणजे दोन्हींची तुलना निखळ होईल. पाच वर्षं हे चालावं. दर वर्षीचे आकडे, उपकरण पास झालेलं असो वा नापास, वार्षिक अहवालात छापले जावेत.

आपला,
क्रिकेटवर जीव असलेला एक वाचक